हिमरक्षक द्रव्ये आणि कालवाचा गर्भ

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने तीसएक किलोमीटर गेले की उरुळी कांचन लागते. १९४६ साली महात्मा गांधींनी तेथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले व ते मणिभाई देसाई यांच्या हाती सोपवले. याच मणिभाईंनी १९६७ साली तेथे जी संस्था स्थापन केली, ती आज 'बायफ' या नावाने देशभरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. उत्तम वळूचे रेत गोठवायचे, ते बारीक कांड्यांत भरून द्रवरूप नत्रात उणे १९६ अंशांवर ठेवायचे आणि शेतकऱ्याच्या थेट गोठ्यापर्यंत पोचवायचे, हे काम या संस्थेने इतके अंगवळणी पाडले आहे की आज कोणाला त्याचे नवल वाटत नाही. वळू मरून गेला तरी त्याची संतती जन्मत राहते.

मग साहजिकच असा प्रश्न मनात येतो की, जे गाईम्हशींच्या बाबतीत साधले ते कोकणच्या कालवांच्या बाबतीत का साधू नये? रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांतून ओहोटीच्या वेळी कालवे फोडणाऱ्या आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बाया पिढ्यानपिढ्या आहेत. अलीकडच्या वर्षांत सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी खाडीत बांबूचे सांगाडे उभारून कालवांची शेतीही सुरू केली आहे. या शेतीची खरी अडचण बियाची. कालवाचे बी म्हणजे अगदी लहान, नुकतेच कठीण जागी चिकटलेले पिल्लू. ते निसर्ग देईल तेव्हा आणि देईल तितके घ्यावे लागते, नाहीतर बाहेरून आणावे लागते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाले की हाती असलेलेही जाते. चांगल्या जातीच्या कालवांचे गर्भ गोठवून ठेवता आले आणि हंगाम साधून ते पुन्हा जागवता आले, तर या बायांचा पुष्कळसा घोर कमी होईल. तथापि गोठवलेल्या गर्भांवर चालणारी शिंपल्यांची शेती जगात अद्याप सर्रास रूढ झालेली नाही. याचे एक मोठे कारण थंडी नसून थंडीपासून वाचवण्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये हे आहे. जे द्रव्य गर्भाला गोठण्यापासून राखते, तेच त्याला विषासारखे बाधते. हे कसे घडते, आणि त्यातून वाट कशी काढली जाते, ते येथे सांगावयाचे आहे.

कामगार चळवळीतल्या माणसांनी या विषयात का शिरावे, अशी शंका काहींना येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. विष हा विषय आम्हाला कारखान्याने शिकवला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा हवेतील घातक द्रव्यांसाठी दोन मापे कायद्यात आली: एक आठ तासांच्या पाळीची सरासरी, आणि दुसरे पंधरा मिनिटांची कमाल मर्यादा. एकच माप पुरे का नाही, हे कामगारांना समजावून सांगताना आम्हाला स्वतःला ते आधी समजून घ्यावे लागले. थोडे विष पुष्कळ वेळ आणि पुष्कळ विष थोडा वेळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कालवाच्या गर्भाची गोष्ट नेमकी या दोन मापांभोवती फिरते.

प्रथम गोठणे म्हणजे काय ते पाहू. पेशी म्हणजे पातळ पडद्याची, पाण्याने भरलेली पिशवी. त्या पाण्यात क्षार, प्रथिने व इतर द्रव्ये विरघळलेली असतात. पेशीसकट पाणी थंड करत गेले म्हणजे बर्फ बहुधा आधी बाहेरच्या पाण्यात धरते. बर्फाचा स्फटिक शुद्ध पाण्याचाच बनतो, तो क्षारांना आत घेत नाही. त्यामुळे उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. आता आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट आठवावी. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते आणि फोडी आक्रसतात. कारण पाणी पडद्यातून सौम्य बाजूकडून तीव्र बाजूकडे जाते. शास्त्रात याला तर्षण म्हणतात. पेशीचेही असेच होते. बाहेरचा खारेपणा वाढला की तिच्यातले पाणी बाहेर पडते, ती सुरकुतते, आणि आतले क्षार इतके दाट होतात की तिची प्रथिने व पडदा बिघडतो.

यावर कोणी म्हणेल की झटपट गोठवावे, म्हणजे पाणी बाहेर पडायला वेळच मिळणार नाही. पण मग ते पाणी आतच राहते आणि आतच त्याचा बर्फ होतो. आत धरलेला बर्फ पेशीच्या अंतर्भागाची नासधूस करतो. सावकाश गोठवले तर खारेपणाने मरण, घाईने गोठवले तर बर्फाने मरण. पीटर मेझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली हा दुहेरी पेच नीट मांडून दाखवला. उणे १९६ अंशांवर एकदा पोचल्यावर पेशीला भय उरत नाही, कारण त्या थंडीत रासायनिक घडामोडी जवळपास थांबतात. भय आहे ते खाली जाताना आणि परत वर येताना.

या पेचातून सुटका करणाऱ्या द्रव्यांना आपण हिमरक्षक द्रव्ये म्हणू. त्यांपैकी पहिल्याचा शोध काहीसा अपघाताने लागला. लंडनच्या मिल हिल येथील संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ व ॲलन पार्क्स हे कोंबड्याचे रेत गोठवून पाहत होते. साखरेचे द्रावण समजून त्यांनी जी बाटली घेतली तिच्यात प्रत्यक्षात ग्लिसरीनचे मिश्रण होते. बाटलीवरची चिठ्ठी चुकली होती, पण त्या बाटलीतल्या द्रावणात गोठवलेले शुक्राणू पुन्हा हालचाल करू लागले. १९४९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. उरुळी कांचनसारख्या ठिकाणी वळूच्या रेतात आज जे सहा-सात टक्के ग्लिसरीन घालतात, त्याचे मूळ तेथे आहे. पुढे १९५९ साली जेम्स लव्हलॉक व बिशप यांनी डायमिथिल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ, हे दुसरे द्रव्य पुढे आणले. प्राण्यांच्या पेशी गोठवून ठेवणाऱ्या भांडारांत आता त्याचा दहा टक्क्यांच्या आसपास वापर करण्याची रीत आहे. असे एक मोठे भांडार आपल्या गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे. एथिलीन ग्लायकॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल ही याच कामाची आणखी दोन द्रव्ये. एथिलीन ग्लायकॉल आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कामगारांना नवे नाही, कारण मोटारीच्या इंजिनातले पाणी गोठू नये व उकळू नये म्हणून जे कूलंट घालतात त्यात ते असते.

ही द्रव्ये करतात काय? त्यांचे रेणू लहान असतात. ते पडद्यातून पेशीत शिरतात आणि पाण्याशी मिसळून जातात. त्यामुळे कोणत्याही एका तापमानाला बर्फ कमी बनतो आणि उरलेल्या पाण्यातला खारेपणा मर्यादेत राहतो. साखरेसारखी काही द्रव्ये पेशीत न शिरता बाहेरूनच थोडे पाणी ओढून घेतात व मदत करतात. ट्रेहॅलोज ही साखर त्यासाठी प्रसिद्ध आहे.

येथपर्यंत सारे गोड आहे. परंतु पहिल्याच शोधात या द्रव्याचे दुसरे तोंडही दिसले होते. ग्लिसरीनमध्ये गोठवलेले कोंबड्याचे शुक्राणू जिवंत राहत, हालचाल करत, पण ते तसेच कोंबडीला दिले तर अंडी फळत नसत. ग्लिसरीन आधी काढून टाकावे लागे. ज्याने प्राण वाचवले त्यानेच वंश खुंटवला! वळूच्या बाबतीत मात्र तेच ग्लिसरीन तितक्या प्रमाणात निभावून जाते. तेव्हा 'हे द्रव्य विषारी आहे काय?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाला, किती, किती वेळ आणि किती तापमानाला, हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

आता कालवाच्या गर्भाकडे वळू. त्याला होणारी इजा दोन प्रकारची आहे आणि त्या दोहोंची गल्लत करता कामा नये.

पहिली इजा पाण्याच्या ओढाताणीची. समुद्राच्या पाण्यात क्षार असतात, त्यांची ओढ आपण एक धरू. एक लिटर द्रावणात शंभर मिलिलिटर एथिलीन ग्लायकॉल घातले, तर त्या ग्लायकॉलची ओढ हिशेबाने समुद्राच्या जवळजवळ पावणेदोनपट भरते. म्हणजे गर्भाला आपण एका क्षणात सुमारे पावणेतीनपट तीव्र पाण्यात टाकले. तो लगेच आक्रसतो. मग ग्लायकॉल हळूहळू आत शिरते, त्याच्या मागून पाणी येते आणि गर्भ पुन्हा फुगतो. काढून घेताना उलटे घडते. ग्लायकॉलने भरलेला गर्भ एकदम साध्या समुद्राच्या पाण्यात टाकला, तर पाणी आत धाव घेते. मनुका पाण्यात टाकावी तसा तो टम्म फुगतो आणि वेळी फुटतो. म्हणून द्रव्य घालताना पायऱ्यापायऱ्यांनी घालावे लागते आणि काढताना तर त्याहून अधिक जपावे लागते. येथे ग्लिसरीन विशेष अडचणीचे ठरते, कारण त्याचा रेणू मोठा असल्याने ते आत-बाहेर जायला वेळ घेते. एथिलीन ग्लायकॉल लवकर जाते-येते.

दुसरी इजा खऱ्या विषाची. पेशीतील प्रथिनांभोवती पाण्याचे एक आवरण असते व त्याच्या आधाराने ती आपला आकार सांभाळतात. पाण्याची जागा दुसऱ्या द्रव्याने घेतली की हा आधार ढळतो. पडदा सैल होतो, पेशीतील रसायनांची कामे अडखळतात. पेशी दुभागताना तिच्यात जे बारीक तंतू ताणले जातात त्यांच्यावर डीएमएसओसारख्या द्रव्याचा परिणाम होतो, हे पुष्कळ प्रयोगांतून दिसले आहे. ज्या पेशीला दुभागायचेच नाही तिला याची विशेष क्षिती नाही. पण गर्भ म्हणजे तर सतत दुभागणाऱ्या पेशींचाच समुदाय.

मग वळूच्या रेताला जे सोसते ते कालवाच्या गर्भाला का सोसत नाही? याची तीन कारणे आम्हाला महत्त्वाची वाटतात.

पहिले कारण आकाराचे. कालवाच्या शुक्राणूचे डोके दोन-तीन मायक्रॉन असते, तर अंडे सुमारे पन्नास मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. व्यास वीसपट झाला की पृष्ठभाग चारशेपट होतो, पण आतले घनफळ आठ हजारपट होते. म्हणजे पडद्याच्या तेवढ्याच तुकड्यातून वीसपट अधिक पाणी व द्रव्य जा-ये करावे लागते. त्याला वेळ लागतो, आणि तो सारा वेळ गर्भाने विषात काढायचा असतो.

दुसरे कारण संख्येचे. वळूच्या रेताच्या एका कांडीत आपल्या देशातील मानकांप्रमाणे दोन कोटी शुक्राणू असावे लागतात, आणि कांडी वितळवल्यावर त्यांपैकी निदान निम्मे हालचाल करणारे असले की ती चालते. निम्मे मेले तरी काम अडत नाही, कारण गाय गाभण राहायला शेवटी एकच पुरतो. हा हिशेब उत्पादनाचा झाला. गर्भाच्या बाबतीत तो लागू नाही. येथे प्रत्येक गर्भ म्हणजे एक अख्खा जीव आहे. तो पुरता जगला तरच जगला.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. उंदराचे गर्भ १९७२ साली गोठवून पुन्हा जगवण्यात आले. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी मानवी गर्भ डीएमएसओ वापरून गोठवला व त्यातून १९७८ साली कन्या जन्मली, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या हयातीत सरकारी समितीने ते मानले नाही. पुढे त्यांच्या कामाची दखल घेतली गेली. मग सस्तन प्राण्याचा गर्भ निभावतो आणि शिंपल्याचा का निभावत नाही? याचे कारण असे की, उंदराच्या गर्भात सुरुवातीच्या पेशींची कामे ठरलेली नसतात. आठांतल्या दोन पेशी मेल्या तर उरलेल्या सहा मिळून संपूर्ण पिल्लू घडवतात. आमच्या भाषेत सांगायचे तर तेथे बदली कामगार हजर असतो. शिंपल्याच्या गर्भात ही सोय जवळजवळ नाही. त्याच्या पेशी विशिष्ट क्रमाने, पिळाच्या चालीने दुभागत जातात आणि कोणत्या पेशीच्या वंशातून काय बनायचे हे फार लवकर ठरून जाते. शिंप तयार करणारी ग्रंथी ज्या पेशीपासून व्हायची, तीच पेशी द्रव्याने बिघडली तर तिच्या जागी दुसरी कोणी उभी राहत नाही. गर्भ फिरतो, पोहतो, पण त्याला शिंप धड येत नाही. त्यातून त्याच्या वाढीचा वेग पाहावा. फलन झाल्यापासून सुमारे एका दिवसात त्याला इंग्रजी 'डी' अक्षरासारखी पहिली शिंप फुटते. ज्याचे सारे बालपण असे तासांत मोजायचे, त्याच्या लेखी वीस मिनिटे म्हणजे थोडा काळ नव्हे.

ही बाधा मोजतात कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण मोजणीतच खरेखोटे ठरते. प्रयोगात गोठवणे आणि द्रव्याची बाधा या गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात. नाहीतर गर्भ बर्फाने मेला की औषधाने, हे कळायला मार्ग नाही. म्हणून पहिल्या फेरीत गोठवायचेच नाही. फलित अंडी सारख्या संख्येने अनेक भांड्यांत घ्यायची. एकेका भांड्यात एकेक द्रव्य, त्याची कमीअधिक मात्रा. कोणाला पाच मिनिटे, कोणाला वीस, कोणाला तास. मग धुऊन साध्या समुद्राच्या पाण्यात ठेवायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली शंभर शंभर मोजून पाहायचे: किती जणांना नीट 'डी' शिंप आली, किती वेडेवाकडे झाले, किती मेले. शेजारी एक भांडे असे ठेवायचे की ज्यात काहीच घातलेले नाही. त्यातलेच पुष्कळ बिघडले तर त्या दिवशीची अंडीच वाईट, सारा प्रयोग बाद. ज्या मात्रेला निम्मे गर्भ बिघडतात ती मात्रा निरनिराळ्या द्रव्यांची तुलना करायला उपयोगी पडते. परंतु काम करणाऱ्याला हवी असते ती दुसरी मात्रा: जिच्यापर्यंत काहीच बिघाड दिसत नाही ती.

अशा प्रयोगांतून जे दिसते ते थोडक्यात असे. मात्रा आणि वेळ यांचा नुसता गुणाकार करून भागत नाही. एकपट मात्रा तासभर आणि तिप्पट मात्रा वीस मिनिटे यांचा गुणाकार सारखाच, पण बाधा सारखी नव्हे. मात्रा वाढली की बाधा त्याहून वेगाने वाढते. कायद्याला दोन मापे का लागली याचे उत्तर येथे शिंपल्याच्या गर्भानेही दिले आहे. थंड पाण्यात द्रव्याची बाधा कमी होते. मात्र थंडीत ते आतही सावकाश शिरते, आणि उबदार पाण्यातल्या जिवांना नुसती थंडीही सोसत नाही. म्हणजे येथेही एक मिळवायचे तर दुसरे द्यावे लागते. आणखी एक गोष्ट अशी की, नुकते फलित झालेले अंडे फार नाजूक असते, तर काही तासांनी केसाळ झालर फुटून गरगर फिरू लागलेला ट्रोकोफोर नावाचा डिंभ त्यापेक्षा अधिक सोशीक असतो. म्हणून गोठवण्यासाठी बहुधा तीच अवस्था निवडतात. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००५ साली पॅसिफिक कालवाची अफलित अंडी दहा टक्के एथिलीन ग्लायकॉलमध्ये गोठवली व वितळवून फलित करून दाखवली. त्याच देशात हिरव्या शिंपेच्या मसलचे ट्रोकोफोर डिंभ एथिलीन ग्लायकॉल व ट्रेहॅलोज यांच्या मिश्रणात गोठवण्यात यश आले. स्पेनच्या व्हिगो विद्यापीठातही मसलच्या कोवळ्या अवस्थांवर निरनिराळ्या हिमरक्षकांची बाधा मोजण्याचे काम झाले आहे.

पण या यशाच्या बातम्या वाचताना एक प्रश्न कधी सोडू नये. 'जगले' म्हणजे केव्हा मोजले? वितळवल्यावर तासाभरात जो फिरताना दिसतो तोही जगलेलाच, आणि जो तीन आठवडे पोहून, बूड टेकून, बी होऊन चिकटतो तोही जगलेलाच. या दोन आकड्यांत फार अंतर असते. न्यूझीलंडच्या मसलच्या बाबतीत गोठवून वितळवलेले डिंभ पहिल्या दिवशी बरे दिसले, पण पुढे त्यांची वाढ मागे पडलेली व शिंपा सदोष झालेल्या आढळल्या. इजा आधीच झालेली असते, दिसते मागाहून. हे आमच्या ओळखीचे आहे. गिरणीतल्या धुळीने छाती पोखरली जाते ती नोकरीच्या पहिल्या वर्षी दिसत नाही. पहिल्या दिवसाची हजेरी घेऊन कोणी 'सर्व ठीक' म्हणू लागला, तर त्याच्याकडे तिसऱ्या आठवड्याची हजेरी मागितली पाहिजे.

मात्रा, वेळ व तापमान यांच्या जोडीला चौथी गोष्ट शुद्धतेची. दुकानातले कूलंट म्हणजे शुद्ध एथिलीन ग्लायकॉल नव्हे. त्यात गंज रोखणारी व रंगाची इतर द्रव्ये असतात, आणि ती गर्भाच्या वाट्याला जाता कामा नयेत. नावात थोडा फरक असलेल्या द्रव्याने काय होते याचा महाराष्ट्राला फार दारुण अनुभव आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली. दिसायला दोन्ही पातळ, रंगहीन व गोडसर; पण एक औषध आणि दुसरे मूत्रपिंडाचे मारेकरी. माणसाला होणारी ग्लायकॉलची बाधा गर्भाच्या बाधेहून निराळी आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. एथिलीन ग्लायकॉल पोटात गेले तर माणसाचे यकृत त्याचे आम्लांत रूपांतर करते, आणि त्यातून बनलेले स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. काही तासांच्या गर्भाला ना यकृत, ना मूत्रपिंड. म्हणून माणसाचा तक्ता गर्भाला आणि गर्भाचा तक्ता माणसाला लावता येत नाही. ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्याच्याच जिवाचे माप घ्यावे लागते.

ही द्रव्ये हाताळणाऱ्या माणसांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. डीएमएसओ कातडीतून शरीरात जाते आणि सोबत दुसरी द्रव्येही नेते, म्हणून योग्य हातमोज्यांवाचून ते हाताळू नये. द्रवरूप नत्र एक लिटर सांडले तर त्याचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायूला हुसकून लावतो, आणि त्याला वास नसल्याने माणसाला कळायच्या आत भोवळ येते. ज्या खोलीत अशी पिंपे ठेवायची तिची दारे-खिडक्या पाहणे हे प्रयोगाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

आता कोकणाकडे परत जाऊ. कालवाचे बी गोठवून ठेवण्याचा खटाटोप तेथे कधी हाती घेतला, तर त्याचा आरंभ द्रवरूप नत्राच्या टाक्या विकत घेऊन करू नये, असे आमचे म्हणणे आहे. आरंभ तक्त्याने करावा. आपल्या खाडीतली कालवे न्यूझीलंडची नव्हेत. त्यांचे पाणी उबदार, त्यांचा खारेपणा ऋतूप्रमाणे बदलणारा, त्यांच्या गर्भाची वाढ वेगाची. परक्या देशातली दहा टक्क्यांची कृती येथे जशीच्या तशी उचलली, तर कदाचित साधेल, कदाचित सारे गर्भ बिघडतील. कोणते द्रव्य, किती मात्रा, किती मिनिटे, कोणत्या अवस्थेत आणि किती अंशांवर, हे आपल्या कालवावर मोजून ठरवले पाहिजे. या कामाला भांडी, समुद्राचे स्वच्छ पाणी, एक बरा सूक्ष्मदर्शक आणि शंभर शंभर मोजण्याचा धीर असलेली माणसे लागतात. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी हे होण्याजोगे आहे. खाडीतल्या बायांना त्यांत भागीदार करून घ्यावे. कोणत्या महिन्यात कोणत्या खडकावरची कालवे भरलेली असतात, हे त्यांना आपल्या सर्वांहून अधिक चांगले कळते.

या तक्त्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या दृष्टीने तो बियाइतकाच मोलाचा आहे. शिंपल्याचा गर्भ इतका नाजूक असल्यामुळेच जगात अनेक ठिकाणी पाण्याची परीक्षा घेण्यासाठी त्याचा उपयोग करतात. संशयित पाण्यात फलित अंडी ठेवायची आणि अठ्ठेचाळीस तासांनी किती जणांना नीट शिंप आली ते मोजायचे. अडचण एवढीच की ताजी अंडी ठरावीक ऋतूतच मिळतात. गोठवलेले निरोगी गर्भ हाताशी असले, तर ही परीक्षा बारा महिने घेता येईल. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या खाली दाभोळची खाडी आहे. तेथले मच्छीमार वर्षानुवर्षे पाण्याविषयी तक्रार करीत आले आहेत. 'मासे कमी झाले' एवढे म्हटले की 'पुरावा काय?' असे त्यांना विचारले जाते. शंभरांपैकी किती गर्भांना शिंप आली नाही, हा आकडा त्यांच्या हाती असेल तर तो दोन दिवसांत मिळालेला पुरावा होईल. तो त्या वसाहतीत घाम गाळणाऱ्या कामगारांच्याही उपयोगाचा आहे, कारण खाडीत जाणारे द्रव्य आधी त्यांच्याच हातांखालून गेलेले असते.

मात्र असा पुरावा उभा राहायचा तर आधी हे माहीत असले पाहिजे की, गोठवण्याच्या द्रव्याने स्वतः किती गर्भ बिघडवले. नाहीतर खाडीच्या पाण्याचा दोष हिमरक्षकावर आणि हिमरक्षकाचा दोष खाडीवर ढकलायला कोणालाही मोकळीक राहील. म्हणून बियासाठी असो वा पाण्याच्या परीक्षेसाठी असो, काम एकाच ठिकाणी सुरू होते: काहीही न घातलेल्या त्या पहिल्या भांड्यातले शंभर गर्भ मोजण्यापासून.